अनुकंपा

कार्यालयात एखाद्याला टोपणनाव कसे पडते हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण एक टोपणनाव मीच पाडलेले आहे. १९९५ सालचा पावसाळा होता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या कार्यालयात मी पस्तीस वर्षे नोकरी केली, तिथे एक नवा कनिष्ठ लिपिक रुजू झाला होता. वय वीस-एकवीस. त्याचे वडील आमच्याच खात्यात होते, सेवेत असतानाच वारले आणि मुलाला अनुकंपा तत्त्वावर घेण्यात आले. योगायोग असा की त्याचे आणि आमच्या लेखाधिकाऱ्यांचे आडनाव एकच निघाले. त्याला येऊन आठवडाही झाला नसेल तेव्हा तालुक्याहून फोन आला, शिपायाने रिसीव्हरवर हात ठेवून त्या आडनावाने कोण आहे असे विचारले, आणि मी मान वर न करता म्हणालो, "कोण पाहिजेत विचार त्यांना. साहेब, की अनुकंपा?"

हशा पिकला. बारनिशीच्या, म्हणजे टपालाच्या आवक-जावक नोंदीच्या, टेबलापासून पार खिडकीजवळच्या टायपिस्टपर्यंत सगळे हसले. तोही हसला. त्याच्या त्या हसण्याचा मी पुढे कित्येक वर्षे दाखला देत आलो, की अहो, तो स्वतःच हसला होता, त्याला काही वाटले असते तर बोलला नसता का?

त्याच दिवशी सकाळी काय घडले होते, ते मात्र मी फार काळ या प्रसंगाशी जोडून पाहिले नव्हते. मासिक विवरणपत्र दोन दिवस उशिरा गेले म्हणून अधीक्षकांनी मला उभ्या उभ्या झापले होते, तेही बाहेरून कामासाठी आलेल्या दोन माणसांदेखत. विवरणपत्र रखडले होते ते एका तालुक्याची माहितीच न आल्यामुळे. पण ते सांगण्यासाठी मी तोंड उघडले तेव्हा "कारणे नकोत" एवढेच ऐकावे लागले. जागेवर येऊन बसलो तेव्हा कान तापले होते आणि समोरच्या नोंदवहीतली अक्षरे दिसत नव्हती. त्यानंतर दोन तासांच्या आत मला तो हशा मिळाला, आणि सकाळपासून छातीवर बसलेले काहीतरी उठून गेल्यासारखे वाटले. अधीक्षकांवर विनोद करण्याची सोय नव्हती. आठवडाभरापूर्वी आलेल्या, बाप गेलेल्या, अजून कायम न झालेल्या मुलावर तो करता येत होता. वड्याचे तेल वांग्यावर काढणे ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो, की वांग्याचे पुढे काय होते याची चौकशी कोणी करत नाही.

या प्रकाराला अभ्यासक 'आंतरवैयक्तिक विचलन' असे काहीसे भारदस्त नाव देतात. आमच्याकडे त्याला फिरकी घेणे म्हणत. फारच झाले तर खेचणे. सँड्रा रॉबिन्सन आणि रिबेका बेनेट या दोन संशोधक बाईंनी १९९५ मध्ये, म्हणजे माझ्या विनोदाच्याच वर्षी, कामाच्या ठिकाणच्या गैरवर्तनाची एक मांडणी केली. संस्थेविरुद्धचे वर्तन, म्हणजे उशिरा येणे, सामान घरी नेणे, मुद्दाम काम लांबवणे, एका बाजूला. आणि माणसांविरुद्धचे दुसऱ्या बाजूला. पुढे २००० साली त्यांनी मोजमापासाठी जी प्रश्नावली सिद्ध केली, तिच्यात दुसऱ्या बाजूच्या सात गोष्टी आहेत: कोणाची टिंगल करणे, मनाला लागेल असे बोलणे, धर्म-वंशावरून शेरा मारणे, शिवी देणे, खोडसाळ थट्टा करणे, उद्धटपणे वागणे आणि चारचौघांत एखाद्याला खजील करणे. निवृत्तीनंतर ही यादी माझ्या वाचनात आली तेव्हा ती मला परदेशी वाटलीच नाही. सातही गोष्टी मला आमच्या कार्यालयातल्या चेहऱ्यांसकट दिसल्या, आणि प्रामाणिकपणे मोजले तर त्यांतल्या चार माझ्या नावावर जमा होत्या.

आता या सातांपैकी कशाबद्दलही आमच्याकडे कधी कोणाला नोटीस गेली नाही. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, त्यांत सचोटी आहे, कर्तव्यपरायणता आहे, कर्मचाऱ्याला न शोभणारे कृत्य करू नये असेही आहे. परंतु टोपणनाव ठेवणे हे न शोभणारे कृत्य आहे असे म्हणायचे तर निम्मे कार्यालय निलंबित झाले असते. कागदाची चूक झाली तर कारणे दाखवा, माणसाच्या बाबतीत झाली तर "एवढं काय मनावर घ्यायचं."

हे 'एवढं काय' मला आता या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. लिन अँडरसन आणि क्रिस्टीन पिअरसन या दोघींनी १९९९ मध्ये कामाच्या जागच्या असभ्यपणाविषयी लिहिताना नेमके यावर बोट ठेवले होते: हे वर्तन कमी तीव्रतेचे असते आणि त्यामागे दुखवण्याचा हेतू होता की नव्हता हे स्पष्ट नसते. मारहाण नाकारता येत नाही, टोमणा नाकारता येतो. लेकी बोले सुने लागे ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, ज्याला लागायचे त्याला लागते, आणि त्याने वर पाहिले तर "तुला कोण म्हणालं?" असे विचारायला बोलणारा मोकळा. ज्याला लागले त्याच्यापुढे मग दोनच वाटा उरतात. गप्प बसावे, किंवा भांडून आपण चिडके आहोत हे सिद्ध करावे. दुसरी वाट धरणाऱ्याला नवे टोपणनाव मिळते.

त्याच दोघींनी असेही म्हटले आहे की ही देवाणघेवाण चक्राकार वाढत जाते. आमच्याकडे तिचे जे उदाहरण होते ते इतके हास्यास्पद आहे की सांगावे की नको असे होते. लेखा शाखेत दोन वरिष्ठ लिपिक समोरासमोर बसत आणि दोघांच्या डोक्यावर मिळून एक पंखा होता. एकाला सायनसचा त्रास, दुसऱ्याला उकाडा सोसत नसे. बटण एकाच्या हाताशी होते. एके दिवशी त्याने न विचारता पंखा बंद केला, दुसरा म्हणाला, "आजाऱ्यांनी घरी बसावं." दुसऱ्या दिवशी सायनसवाल्याने दुसऱ्याच्या देयकातली तीस पैशांची बेरजेची चूक लाल शाईने गोल करून थेट अधिकाऱ्यांसमोर ठेवली. त्याला उत्तर म्हणून त्याची रजेची नोंद सेवापुस्तकात चढवायची 'राहून गेली'. आणि मग अकरा वर्षे ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. चार फुटांवर बसलेली ही दोन माणसे एकमेकांना टिपणी लिहून पाठवत; शिपाई ती या टेबलावरून उचलून त्या टेबलावर ठेवी. आम्ही पाहुण्यांना हे कौतुकाने दाखवत असू. त्या अकरा वर्षांत त्यांच्या शाखेतले प्रत्येक देयक निदान दोन दिवस अधिक थांबत होते, हे ज्यांची देयके होती त्यांना ठाऊक असणार. आम्ही त्याचा हिशेब ठेवला नाही.

अशी भांडणे खाजगी नोकरीत इतकी टिकत नसावीत, कारण तिथे माणसे सोडून जातात. आमच्याकडे कोणी जात नाही. शाखा बदलते, टेबल बदलते, पण सत्ताविसाव्या वर्षी रुजू झालेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्याच इमारतीत, त्याच लोकांबरोबर चहा पितो. बाहेरून पाहणाऱ्याला ही स्थिरता सुखाची वाटते आणि ती आहेही. परंतु बंद भांड्यात वाफ जशी साठते तसे या स्थिरतेत उट्टे साठत जाते. शिवाय वर जाण्याची शिडी अरुंद. सेवाज्येष्ठता यादी लागली की माणसे प्रथम स्वतःचे नाव पाहत नाहीत, आपल्या वरचे नाव पाहतात, आणि त्याच्या निवृत्तीची तारीख. आस्थापनेतल्या एका बाई विभागीय परीक्षा पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाल्या आणि त्यांच्या आधी लागलेल्या तिघांची परीक्षा राहिली होती, तेव्हा कानामागून आली आणि तिखट झाली हे वाक्य महिनाभर कार्यालयात फिरत होते. नंतर त्याला साहेबांच्या गाडीचा एक किस्सा चिकटला. तो किस्सा मी रचला नाही. मला तो कॅन्टीनच्या वाटेवर कळला आणि मी तो कॅन्टीनमध्ये सांगितला. त्या बाई पुढे साहेबांकडे सहीसाठी फाइल घेऊन जाताना शिपायाला बरोबर नेऊ लागल्या, दार उघडे ठेवू लागल्या, आणि आम्ही त्यालाही हसलो.

एक कारण असे आहे की जे बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येणार नाही. आमच्या नोकरीचा बराच काळ गोपनीय अहवाल, म्हणजे वरिष्ठाने दरवर्षी आपल्या कामाविषयी लिहिलेला अभिप्राय, खरोखरच गोपनीय असे. प्रतिकूल शेरा असेल तेवढाच कळवला जाई. बाकी आपल्याविषयी वरच्याने काय लिहिले ते पदोन्नती हुकल्यावर अंदाजाने समजून घ्यायचे. २००८ मध्ये देवदत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असा निर्णय दिला, तोपर्यंत ही स्थिती होती. जिथे आपला निवाडा कोणी, कशाच्या आधारे केला हे कळत नाही, तिथे माणूस वरच्यावर संशय घेऊन थांबत नाही. साहेबांचे कान कोणी भरले याचा शोध तो शेजारच्या टेबलावर घेतो. कितीतरी मैत्र्या केवळ या शोधापायी संपल्या. शेरा लिहिणारा अधिकारी तीन वर्षांत बदलून गेलेला असे आणि ज्याच्यावर संशय तो शेजारी आणखी वीस वर्षे शेजारीच असे.

जातीविषयी न लिहिता हा विषय पुरा होत नाही, आणि तो टाळावा असे वाटणे हाही त्याच विषयाचा भाग आहे. परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत आणि त्यांना प्यायला पाणी मिळत नसे. त्यांना शिष्यवृत्ती देणारे महाराज सयाजीराव गादीवर असताना हे होत होते. संस्थानच्या प्रमुखाची इच्छा आणि कचेरीतल्या टेबलाचा कायदा यांत केवढे अंतर असू शकते हे त्यावरून दिसावे. आमच्या काळात फायली कोणी फेकत नव्हते. बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षित प्रवर्गाचे याची यादी, तपासून आली की "आता काय, आपण नुसतं टाळ्या वाजवायच्या" असे कोणीतरी भिंतीकडे पाहून म्हणे, आणि ज्याच्यासाठी ते म्हटलेले असे तो पेनाला टोपण लावून बाहेर चहाला जाई. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. भिंतीकडे पाहून बोललेल्या वाक्यावर तो कसा लावायचा हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते. मी अशी वाक्ये बोललो नाही. चहाला जाणाऱ्याच्या मागून मी गेलो का, तर नाही.

पुन्हा त्या मुलाकडे येतो. दुपारी दीड वाजता दोन टेबले जोडून, वर वर्तमानपत्र पसरून आम्ही दहा-बारा जण डबे उघडत असू. कोणाची भाजी कोणाकडे सरकवायची याचेही ठरलेले असे. तो पहिले काही महिने टेबलाच्या टोकाला बसे. त्याच्या डब्यात बहुतेक वेळा भाकरी आणि कोरडी चटणी किंवा पिठले असे. घरी आई, दोन बहिणी, आणि वडिलांच्या आजारपणाचे कर्ज. एकदा कोणीतरी त्याच्याकडे लोणच्याची फोड सरकवत म्हणाले, "घे, ही पण अनुकंपा तत्त्वावर." सगळे हसले, त्याने फोड घेतली, खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात तो टेबलावर नव्हता. कुठे जातो हे कोणी विचारले नाही. महिन्याभराने मी एक जुने प्रकरण काढायला अभिलेख कक्षात गेलो तेव्हा तो तिथे, रुमालात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या दोन रांगांमध्ये, रिकाम्या पेटीवर डबा ठेवून जेवत होता. मला पाहताच उठून उभा राहिला. मी "बस बस" म्हणालो आणि प्रकरण न काढताच परत आलो.

त्याला टेबलावरून कोणी उठवले नव्हते, हे खरे आहे. ही गोष्ट मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहे की ती खरी असूनही मला तिचा कंटाळा आला आहे.

तीन वर्षांनी आणखी एक जण रुजू झाला. त्याने तिसऱ्या दिवशी "अनुकंपा, जरा स्टेपलर दे" असे म्हटले. त्याला हे कोणी शिकवले नव्हते. नव्या माणसाला कार्यालयात प्रथम शिकायचे असते ते काम नव्हे, तर इथे कोणाशी कसे बोललेले चालते ते. आणि ते तो दोन दिवसांत शिकतो. सँड्रा रॉबिन्सन यांनी ॲन ओलिअरी-केली यांच्याबरोबर १९९८ मध्ये हेच दाखवले होते, की ज्या गटात असे वागणे मुरलेले असते त्यात माणूसही तसाच वागू लागतो. आपल्याकडे ढवळ्याशेजारी बांधला पवळा हे फार आधी सांगून झाले आहे. फरक इतकाच की म्हणीत पवळ्याकडे बोट आहे आणि माझे लक्ष आता ढवळ्याकडे जाते.

परिणामांविषयी बोलायचे तर लोक सहसा दुखावलेल्या माणसाच्या झोपेविषयी, रक्तदाबाविषयी, रजांविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण मला ज्या परिणामाने हलवले तो वेगळा होता, आणि तो भोगणारी व्यक्ती आमच्या कार्यालयातली नव्हती.

एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्याकडे अडकले होते. १९७९ ते १९८२ या काळातल्या सेवेची पडताळणी सेवापुस्तकात नव्हती. त्या वेळी ते गृहस्थ ज्या उपकार्यालयात होते ते कधीच बंद झाले होते आणि त्याचे दप्तर कुठे गेले ते कोणाला सांगता येत नव्हते. आम्ही तालुक्याला पत्र लिहिले, तालुक्याने आम्हाला लिहिले. त्या बाई दर महिन्याला एसटीने साठ किलोमीटरवरून यायच्या, बाकावर बसायच्या, पिशवीतून कागदांची गुंडाळी काढून परत ठेवायच्या. आठ महिने झाले होते. त्या दिवशी त्यांनी बरोबर मुलाला आणले होते, बारावी झालेला, हातात नवे कोरे पाकीट धरून उभा. आमच्यातला एक जण त्यांना मदत म्हणूनच म्हणाला, "बाई, मुलाचा अनुकंपाचा अर्जही देऊन टाका." आणि तो शब्द तोंडातून निघताच दोघा-तिघांची नजर कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली आणि हसू फुटले.

बाईंना वाटले, लोक त्यांना हसले. त्यांनी पदर खांद्यावरून पुढे घेतला, मुलाच्या हातातले पाकीट स्वतःकडे घेतले आणि त्या म्हणाल्या, "साहेब, माझं काही चुकलं का?"

त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणी उत्तर दिले नाही. द्यायचे म्हटले तर काय द्यायचे होते? तुम्हाला नाही, बाई, त्या कोपऱ्यातल्या माणसाला आम्ही बारा वर्षे हसतो आहोत, असे?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला माझ्या टेबलावर एक गठ्ठा होता. धूळ पुसलेली, रुमालाची गाठ नव्याने बांधलेली. आत बंद झालेल्या त्या उपकार्यालयाची १९७८ ते १९८३ ची वेतनपत्रके होती. मी अभिलेख कक्षात गेलो. तो तिथे होता. हे कधी सापडले, असे मी विचारले.

"सापडलं नाही. तिथंच असतं ते. खिडकीखालच्या रांगेत."

"तुला माहीत होतं?"

"हो. मी तिथं जेवतो ना."

"मग आठ महिने पत्रव्यवहार चाललाय तो दिसला नाही तुला? सांगायचं नाहीस?"

तो म्हणाला, "मला कुणी विचारलं नाही, साहेब."

मला तेव्हा संताप आला. एका विधवा बाईला या माणसाने अढीपायी आठ महिने हेलपाटे घालायला लावले, असे मी घरी येऊन बायकोला सांगितले. तो दोषी होता असे मला आजही वाटते. त्याच्या आईने कधीकाळी असेच हेलपाटे घातले असणार, आणि तरीही तो गप्प राहिला होता. पण त्याच्या गप्प राहण्याला बारा वर्षे लागली होती आणि ती बारा वर्षे त्याच्या एकट्याच्या हिशेबात टाकता येत नाहीत. ज्या माणसाच्या प्रत्येक वाक्यानंतर हशा होतो तो वाक्ये कमी करत जातो. आधी गप्पा बंद होतात, मग सूचना, मग प्रश्न, आणि शेवटी माहिती. आम्हाला वाटत होते आम्ही त्याच्या जेवणाच्या सुट्टीत थोडी गंमत करतो आहोत. प्रत्यक्षात संपूर्ण अभिलेख कक्ष ज्याला पाठ होता अशा एकमेव माणसाला आम्ही कार्यालयातून वजा केले होते, पगारपत्रकावर ठेवून.

इस्राएलमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांतल्या डॉक्टर-परिचारिकांच्या चोवीस पथकांना सरावासाठी एक कृत्रिम प्रसंग देण्यात आला: अपुऱ्या दिवसांचे बाळ, प्रकृती एकाएकी ढासळते आहे. काही पथकांना त्याआधी एका परदेशी तज्ज्ञाकडून इथल्या वैद्यकीय दर्जाविषयी एक-दोन हिणकस वाक्ये ऐकवण्यात आली. उरलेल्यांना साधेसे बोलणे. हिणकस वाक्ये ऐकलेल्या पथकांचे निदानही कमी पडले आणि उपचारही. कारण शोधताना संशोधकांना जे दिसले ते असे की त्या पथकांतली माणसे एकमेकांना माहिती कमी देत होती आणि मदत कमी मागत होती. हे वाचताना मला तो पुसलेला गठ्ठा आठवला. एक-दोन वाक्यांनी एका तासात हे होत असेल, तर रोजच्या वाक्याने बारा वर्षांत काय होईल?

स्वीडनमध्ये हाइन्स लेमान नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात, घोळक्याने एकाला टोचून टोचून बाजूला काढण्याच्या या प्रकाराचा अभ्यास केला आणि त्याला 'मॉबिंग' म्हटले. लहान पाखरांचा थवा एखाद्या मोठ्या शिकारी पक्ष्याला घेरतो त्यासाठी तो शब्द प्राणिशास्त्रात आधीपासून होता. निदान आठवड्यातून एकदा आणि निदान सहा महिने, अशी त्यांची मोजपट्टी होती. त्या देशाने १९९३ मध्ये कामाच्या जागी होणाऱ्या अशा छळाविरुद्ध स्वतंत्र नियमही केले. आपल्याकडे कामाच्या जागच्या लैंगिक छळाबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा आणि त्याविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्यानंतर आमच्या कार्यालयातही तक्रार समिती झाली, तिच्या सदस्यांची नावे दर्शनी भागात लागली, आणि खरे सांगायचे तर साहेबांच्या गाडीसारखे किस्से निदान उघडपणे सांगणे बंद झाले. कायद्याने माणूस सुधारतो की नाही कोण जाणे, पण आवाज खाली येतो आणि त्यालाही मोल आहे. टोपणनावासाठी, डब्याच्या टेबलासाठी मात्र असा काही फलक नाही.

माझी मुलगी पुण्यात हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तुमच्यासारखे आमच्याकडे चालत नाही, असे ती म्हणत असे. मग एका वर्षी ती आठवडाभर नीट जेवेना. तिच्या गटातल्या सगळ्यांचा एक चॅट ग्रुप होता आणि तिला वगळून दुसरा निघाला होता. काम जुन्या ग्रुपवर आणि खरे बोलणे नव्यावर. बैठकीचे बोलावणे तिला बैठक सुरू झाल्यावर मिळे, "अगं, राहून गेलं." मूल्यमापनात गटातल्या एकालाच वरची श्रेणी मिळणार होती, आणि ती तिला मिळेल अशी हवा होती. मी तिला म्हणालो, मनावर घेऊ नकोस, एवढं काय. ती म्हणाली, "बाबा, हे वाक्य तिकडचे लोकही म्हणतात." मी उठून पाणी प्यायला गेलो.

त्या गठ्ठ्याच्या प्रसंगानंतर मी त्याला टोपणनावाने हाक मारणे सोडले. तेवढे मी केले. क्षमा वगैरे मागितली नाही. एवढ्या वर्षांनी ती मागायची तर आधी गुन्हा मोठ्याने सांगावा लागला असता, आणि तो मला गुन्हा वाटत होता असे तेव्हा मी म्हणू शकत नाही. त्याला डब्याच्या टेबलावर बोलावले, तो "हो, येतो" म्हणाला आणि आला नाही. २०२१ मध्ये माझ्या निरोप समारंभात, टाळेबंदीमुळे पंधराच माणसे होती, त्याने उठून तीन वाक्ये नीट बोलून दाखवली. मला त्यांनी काम शिकवले, ते वेळेचे पक्के होते, त्यांना आयुरारोग्य लाभो. बोलताना माझे पूर्ण नाव घेतले.

गेल्या वर्षी कार्यालयातून फोन आला. कंत्राटी पद्धतीवर लागलेला एक मुलगा होता, आवाजावरून चोविशीतला, मला कधी पाहिलेलेही नाही. १९९० च्या सुमाराचे एक न्यायालयीन प्रकरण शोधत होता. कोणीतरी त्याला माझा क्रमांक दिला होता. मी त्याला सांगितले की ते अभिलेख कक्षातच असणार, आणि तिथले सगळे कोणाला ठाऊक आहे तेही सांगितले. पूर्ण नाव घेऊन सांगितले, अगदी आदराने, वडिलांच्या नावासकट.

पलीकडे तो थांबला. "या नावाचं कोण आहे, सर?" त्याने कोणाला तरी विचारल्याचे ऐकू आले, मागे काही बोलणे झाले, कोणीतरी हसले, आणि तो परत फोनवर आला.

"हां हां, कळलं, सर. अनुकंपाकाका."